फक्त गुरुवारी जाणारं नेट

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं हेच आहे त्याला सगळं वाचत बसायला नको. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट आणि शेजारच्या पार्टिशनवर विंडोज. एरवी नेट ठणठणीत. पण लाइट दोन-तीन तास जाऊन आली की लिनक्सवर एकही साइट उघडत नाही. राउटरचा दिवा हिरवा, वायर घट्ट, मोबाइल चालू. विंडोजमध्ये जाऊन परत लिनक्समध्ये आलं की मात्र सगळं बरं होतं. हे सगळं जुळत असेल, तर टर्मिनल उघडून आधी ‘डेट’ एवढंच टाइप करा आणि आलेलं वर्ष नीट वाचा. बहुतेक तिथेच उत्तर मिळेल.

हे मला पहिल्याच दिवशी सुचलं नाही. पाच गुरुवार गेले.

मशीन आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं. कर्वेनगरातली जुनी सोसायटी. काका सोसायटीचे हिशेब लिब्रेऑफिसमध्ये ठेवतात, सकाळी पेपर वाचतात, बँकेचं बघतात. पुण्यात गुरुवार म्हणजे वीज आणि पाणी दोन्हीच्या देखभाल-दुरुस्तीचा वार, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सकाळी लाइट जाते, दुपारी येते. घराला इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे-दिव्यांपुरता. कॉम्प्युटरचा पॉइंट त्यावर नाही. दुपारी लाइट आली की काका मशीन लावायचे आणि मला हिंजवडीत फोन यायचा. “अरे, तुझं लिनक्स गुरुवारचा उपास करतं का?”

पहिले दोन गुरुवार आम्ही राउटरच्या मागे लागलो. साहजिकच होतं, कारण लाइट गेल्यावर राउटरही बंद होतोच, आणि चालू झाल्यावर त्याला फायबर धरायला दोन-चार मिनिटं लागतात. काका म्हणाले, मोबाइलवर नेट व्यवस्थित आहे. मी म्हटलं, मग राउटर बरा आहे. इथे मी पहिली माती खाल्ली. मोबाइल वायफायवर नव्हताच, मोबाइल डेटावर होता. अशा फोनचा राउटरच्या तब्येतीशी काही संबंध नाही. फोनची साक्ष काढायची असेल तर आधी मोबाइल डेटा बंद करा, वायफायवर या, मग साइट उघडून बघा. हे न केल्यामुळे पुढच्या गुरुवारी केबलवाल्याला उगाच बोलावलं. तो बिचारा आला, त्याचा लॅपटॉप लावला, सगळं उघडून दाखवलं आणि वर म्हणाला, “काका, विंडोजच ठेवा ना.” काकांनी हे वाक्य मला तीनदा ऐकवलं.

तिसऱ्या गुरुवारी काकांच्या भाच्याने मिंट पुन्हा टाकायचा सल्ला दिला. मी ठाम नाही म्हटलं. आठवड्यातले सहा दिवस जे चालतं, ते इन्स्टॉलेशन सडलेलं नसतं. पुन्हा टाकलं असतं तर शुक्रवार ते बुधवार नक्कीच चाललं असतं, आणि आम्ही पाठ थोपटून घेतली असती.

चौथ्या गुरुवारी मी ऑफिसात अर्धा तास बाजूला काढला आणि फोनवरून पायरी-पायरीने उतरायचं ठरवलं. इथे एक सूचना. खालच्या कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. नेट बंद असताना कॉपी-पेस्ट करता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवायचं आणि कुणीतरी टायपायचं, असंच हे काम चालतं. टायपताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. काकांचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता. १९२ टाकल्यावर पडद्यावर देवनागरी आकडे उमटले आणि टर्मिनलने असं नावच माहीत नाही म्हणून हात वर केले. त्यात पाच मिनिटं गेली.

तर पायऱ्या. पहिली: मशीनला राउटरकडून पत्ता मिळालाय का? ‘आयपी स्पेस रूट’ असं टाकायचं. ‘डीफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ दिसली आणि तिच्यात राउटरचा पत्ता असला, तर वायर, कार्ड, ड्रायव्हर या सगळ्यांना सुट्टी. काकांकडे ओळ आली, पत्ता १९२.१६८.१.१.

दुसरी: राउटर बोलतो का? ‘पिंग स्पेस डॅश सी स्पेस ४’ आणि पुढे तोच पत्ता. चार हाका गेल्या, चार उत्तरं आली. तिसरी: राउटरच्या पलीकडचं जग आहे का? तीच कमांड, पत्त्याच्या जागी चार वेळा ९, मध्ये टिंबं. हा क्वाड-नाइनचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा), लक्षात ठेवायला सोपा. चारही उत्तरं आली. काका म्हणाले, “म्हणजे नेट आहे!” आहेच. चौथी: नावाचा पत्ता सापडतो का? म्हणजे आकड्यांऐवजी ‘डेबियन डॉट ऑर्ग’ला पिंग. तेही आलं.

इथे मी अडलो. बहुतेक वेळा गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर घसरते. तिसरीवर घसरली तर केबलवाला, चौथीवर घसरली तर डीएनएस. चारही पायऱ्या शाबूत आणि तरी साइट उघडत नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे आणि दारावरचा पहारेकरी आत सोडत नाही. मी काकांना म्हटलं, “ब्राउझरमध्ये नक्की काय लिहून येतं ते वाचा.”

“तेच नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे काय? पहिल्या शब्दापासून वाचा.”

काकांनी वाचलं. कनेक्शन सुरक्षित नाही, असं काहीसं. चार आठवड्यांत ‘नेट गेलंय’ हे वाक्य आम्ही दोघांनी शंभरदा उच्चारलं असेल, पण पडद्यावरचं वाक्य कुणीच वाचलं नव्हतं. फायरफॉक्स अशा वेळी कधीकधी तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय असं सरळ लिहूनही दाखवतो. आपण ते वाचत नाही, लाल-पिवळं काही दिसलं की मागे फिरतो. यात काकांना दोष नाही, मीही विचारलं नव्हतं. इतक्यात माझी मीटिंग सुरू झाली आणि प्रकरण आठवडाभर लांबलं.

पाचव्या गुरुवारी सुट्टी घेऊन खालीच जाऊन बसलो. लाइट आली. काकांनी मशीन लावलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, एफ-वन दाबा म्हणून, आणि काकांनी जिना उतरावा इतक्या सहज एफ-वन दाबलं.

“हे काय होतं?”

“ते गुरुवारी येतं. एफ-वन दाबलं की जातं.”

“मला कधी बोलला नाहीत!”

“तू नेटचं विचारत होतास ना.”

मग अजून एक बाहेर आलं. संध्याकाळी स्कॅनरसाठी विंडोज लावलं की कोपऱ्यात भलतीच तारीख दिसते, ती काका हाताने नीट करतात. ते विंडोजचं खूळ असणार असं त्यांनी धरलं होतं, म्हणून लिनक्सच्या तक्रारीत सांगितलं नाही. विंडोजच्या कोपऱ्यात तारीख लिहिलेली असते म्हणून ती दिसली. मिंटच्या पट्टीवर त्यांच्याकडे फक्त वेळ होती, आणि काका वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघतात. टर्मिनलमध्ये ‘डेट’ टाकलं. उत्तर आलं, ते दोन वर्षांपूर्वीचं.

आता कारण. मदरबोर्डवर घड्याळाची एक छोटी चिप असते. मशीन बंद असलं तरी ती चालू राहते. भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय बंद मशीनलाही थोडी वीज पुरवत राहतो, घड्याळ त्यावर चालतं. भिंतीतूनच वीज गेली की काम येतं बोर्डावरच्या बटणसेलवर. काकांचा सेल कधीच मेला होता. रोज रात्री ते मेनूतून शटडाउन करतात, भिंतीचं बटण तसंच असतं, म्हणून सहा दिवस काही कळायचं नाही. गुरुवारी लाइट गेली की बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) स्मृती घालवून बसायचा आणि तारीख कारखान्यातल्या मुक्कामी जायची. संध्याकाळी काकांनी विंडोजमध्ये तारीख नीट केली की तीच या चिपमध्ये जायची, म्हणून पुढे लिनक्सही बरं. बायोसमध्ये २०१२ साल दिसत होतं. लिनक्समध्ये ते २०१२ का नव्हतं? कारण सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, स्वतःच्या बांधणीच्या आधीची वेळ मान्य करत नाही, निदान तिथपर्यंत काटा पुढे ढकलतो. ‘जर्नलसीटीएल डॅश बी’मध्ये त्याची नोंदही सापडते. कल्पना चांगली आहे, पण त्यामुळे तारीख इतकी सभ्य दिसते की चटकन संशय येत नाही.

आणि तारखेचा साइटशी काय संबंध? एचटीटीपीएस साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं तर ९० दिवसांचीच. तुमचं मशीन दोन वर्षं मागे असेल तर त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. पिंग प्रमाणपत्र बघत नाही, म्हणून पिंग चालतं. हाच प्रकार टर्मिनलमध्ये बघायचा तर ‘कर्ल स्पेस डॅश कॅपिटल आय’ आणि पुढे एचटीटीपीएससकट पत्ता टाका. प्रमाणपत्र अजून वैध नाही असं स्वच्छ उत्तर येतं. मिंटचे अपडेटही याच कारणाने रुसतात: रिलीज फाइल अजून वैध नाही, अमुक इतका वेळ थांबा, असं एपीटी हा अपडेट उतरवणारा प्रोग्राम म्हणतो. हे वाक्य दिसलं की रेपॉझिटरीच्या (अपडेट जिथून येतात त्या सर्व्हरच्या) यादीला हात लावू नका, घड्याळ बघा.

एवढं झाल्यावर मी तोऱ्यात ‘टाइमडेटसीटीएल’ टाकलं. सलग एकच शब्द आहे, टाइम, डेट आणि मागे सी-टी-एल. एक ओळ होती: एनटीपी सर्व्हिस, इनॅक्टिव्ह. म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सेवाच बंद. ही चालू असती तर सेल मेला असूनही नेट आल्यावर काही सेकंदांत तारीख आपोआप दुरुस्त झाली असती, आणि हे पाच गुरुवार घडलेच नसते. बंद कुणी केली? मीच. दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीत बसून.

त्याचीही गोष्ट आहे, कारण लिनक्स आणि विंडोज एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतो, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे असं धरतो. भारतात दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. त्यामुळे लिनक्सने वेळ जुळवली की विंडोज साडेपाच तास मागे, विंडोजने जुळवली की लिनक्स साडेपाच तास पुढे. काका वैतागले होते, मी घाईत लिनक्सला स्थानिक वेळ धरायला लावलं आणि नेटवरून जुळवणंही बंद करून टाकलं. भांडण मिटलं, पण घरातला एकमेव शहाणा माणूस बाहेर काढून.

दुरुस्ती. आधी तात्पुरती, लगेच नेट हवं असेल तर: ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’. मधली रेघ डॅश. मिनिटभर थांबा, पुन्हा ‘डेट’ बघा, ब्राउझर बंद करून उघडा. मग साडेपाच तासांचा निकाल: ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०’. हे केलं की लिनक्स पुन्हा यूटीसी धरतो. विंडोजलाही तेच शिकवायचं असतं. रजिस्ट्रीत टाइमझोन-इन्फर्मेशनच्या खणात ‘रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल’ नावाची नोंद करून किंमत १ ठेवायची, नाव सलग लिहायचं. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर विंडोजचं घड्याळ चुकीचं राहू दे, जग बुडत नाही. स्कॅनरपुरतं विंडोज वापरणाऱ्याला काय फरक पडतो?

मग खरी दुरुस्ती, म्हणजे सेल. सीआर २०३२, जवळजवळ सगळ्या डेस्कटॉपमध्ये हाच. नावातच मापं आहेत: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. व्होल्ट ३. तपकीर गल्लीत मिळतोच, पण तेवढ्यासाठी बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधू नका, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही असतो. फक्त २०२५ किंवा २०१६ घेऊन येऊ नका. व्यास तोच, पण जाडी कमी, खाचेत सैल बसतात.

बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बूटचा क्रम आणि साटाचा (डिस्क जोडण्याचा) मोड हे दोन तरी नक्की. सेल मेलेला असताना बायोस आधीच मूळ पदावर गेलेला असतो, पण जिवंत सेल काढलात तर फोटो उपयोगी पडतो. मग मशीन बंद, भिंतीचं बटण बंद, वायर काढलेली. पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. काकांच्या कॅबिनेटमध्ये धुळीचा पापुद्रा होता, तो रंगाच्या ब्रशने काढला. सेलच्या कडेला एक पितळी जीभ असते, ती नखाने हलकेच मागे रेटली की सेल स्वतःच उसळतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जीभ मोडली तर पुढे दर गुरुवारी सेल कागद कोंबून बसवावा लागेल. नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर. काढलेला सेल मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता, नवा ३.२. लावल्यावर पहिल्यांदा एफ-वनचा पडदा येणारच. बायोसमध्ये जा, तारीख भरा, जतन करा. आपण लिनक्सला यूटीसी धरायला लावलंय, म्हणून वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास कमी भरायची. नाही भरलीत तरी एनटीपी सांभाळून घेईल.

कुणी म्हणेल, एनटीपी चालू केल्यावर सेलची गरज काय? माझं मत, सेल बदलाच. नेट येईपर्यंतच्या काळात सेव्ह केलेल्या फाइलींवर जुनी तारीख पडते, आणि हिशेबाच्या फाइलींत ती पडली की मार्चमध्ये भांडणं. दुसरं, एक गंमतशीर गाठ बसू शकते. कुणी हौसेने नावांचे पत्ते शोधणाऱ्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडमध्ये डीएनएसएसईसी, म्हणजे त्या पत्त्यांची सही तपासणं, सक्तीचं केलं असेल, तर चुकीच्या तारखेमुळे नावांचे पत्तेच पडताळले जात नाहीत. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचाही पत्ता नावानेच शोधायचा असतो. वेळ नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून वेळ नाही. तिथे चौथ्या पायरीवर पिंग अडकतं आणि माणूस डीएनएसच्या मागे धावत सुटतो. अशा वेळी ‘सुडो डेट डॅश एस’ आणि पुढे अवतरणात वर्ष-महिना-दिवस आणि वेळ टाकून हाताने गाठ सोडवायची. वेळ कुठून घ्यायची ते तुम्ही बदलू शकता, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग आहेच. पण बदलायची गरज क्वचितच पडते. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या नेटवर वेळ ज्या वाटेने येते तो यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट अडवलेला असेल तर मात्र कुठलाच सर्व्हर उत्तर देणार नाही, तिथे फोनचं हॉटस्पॉट लावून एकदा वेळ जुळवून घ्या.

साइट उघडतात पण बँकेच्या किंवा ऑफिसच्या ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड लॅपटॉपवर काढला की चुकीचा ठरतो, असं असेल तरीही घड्याळच बघा. तो कोड साधारणपणे ३० सेकंदांचा असतो. साडेपाच तासांनी प्रमाणपत्र सहसा बिघडत नाही, कोड नक्की बिघडतो.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी: चौथ्या मॉडेलपर्यंत त्यात असं घड्याळच नाही, पाचव्यात आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. त्यामुळे पायवर घरचा डीएनएस चालवत असाल आणि लाइट गेल्यावर अख्ख्या घराचं नेट अडत असेल, तर पायची तारीख सगळ्यात आधी बघा.

तारीख बरोबर असेल, तर दुखणं वेगळं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल असेल तर लिनक्सला काही करू नका, केबल तुटलीय किंवा झाडाच्या फांदीबरोबर खाली आलीय, फोन लावा. लॅपटॉपचं वायफाय अधूनमधून झोपत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरमधली वायफाय-पॉवरसेव्हची फाइल उघडून ३ च्या जागी २ करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. अपडेटनंतर वायफायचं चिन्हच गायब झालं असेल तर ग्रबमधून (मशीन लावताना येणाऱ्या निवडीच्या यादीतून) आधीच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवर, जा. तो चालला तर दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरचा. तोपर्यंत फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, त्याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

यानंतरही अडलं आणि मदत मागायची असेल, तर ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठल्या पायरीपर्यंत उतरलात ते लिहा, ‘डेट’ आणि ‘टाइमडेटसीटीएल’चं उत्तर जसंच्या तसं द्या, मशीनची माहिती देणाऱ्या ‘इन्क्सी डॅश कॅपिटल एफ एक्स झेड’चं उत्तर जोडा. त्यातला झेड तुमचे पत्ते आणि क्रमांक झाकतो. आणि मशीन लावल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत तुम्ही सवयीने कुठलं बटण दाबता, तेही लिहा.